वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरे : उपासनेची वखार विकली जातेय

प्रश्न : वकीलताईंना जय ख्रिस्त. मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीची खजिनदार. चाळीसेक घरांची मंडळी, बहुतेक शेतमजूर आणि कोरडवाहू शेतकरी. १९८८ पासून आमची उपासना गावातल्या एका शेठजींच्या जुन्या वखारीत भरते. पूर्वी तिथे कापूस आणि तूर ठेवत. भाडं तेव्हा महिना ६० रुपये होतं, आता १,५०० आहे. लेखी करार कधी झाला नाही. पावत्या मात्र आहेत. भाडं नेऊन द्यायचं काम आमचे एक जुने पंच करायचे, म्हणून पावत्यांवर त्यांचं नाव येतं. शेठजी वारले, आमचे पंचही दोन वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजले.

शेठजींचा मुलगा नागपूरला असतो. त्याने वखार आणि मागची मोकळी जागा विकायला काढली आहे. घेणाऱ्याला तिथे कृषी केंद्र टाकायचं आहे, इसारही झाला म्हणतात. मागच्या महिन्यात वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली : कोणाचा हक्क असेल तर सात दिवसांत कळवा, नाहीतर हक्क सोडला असं समजू. ती आमच्या नजरेस पडली तेव्हा सात दिवस उलटून गेले होते. तेव्हापासून मुलगा भाडंही घेत नाही. वाईट म्हणजे आमच्या दिवंगत पंचांच्या मुलाने ‘भाडेकरू माझे वडील होते, आता मी आहे आणि मी ताबा सोडतो’ असं ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून दिलं आहे. त्याला किती पैसे मिळाले ते माहीत नाही.

मंडळीत दोन तट पडलेत. काही म्हणतात, प्रार्थनास्थळ विकताच येत नाही, शिवाय इतकी वर्षं झाली, जागा आपलीच झाली, कोर्टात जाऊ. काही म्हणतात, घेणारा तीन लाख देतोय ते घ्या आणि निघा. पंचांच्या मुलाला प्रभुभोजन देऊ नये, त्यांच्या घरच्या सुखदुःखाला जाऊ नये, असंही चाललंय. पाळकांच्या घरी रोज कोणीतरी चावी मागायला येतो. शेठजी हयात असताना म्हणाले होते, विकायची वेळ आली तर आधी तुम्हालाच विचारीन. २००९ मध्ये आम्ही पुढे टिनाचं शेड टाकलं, फरशी बसवली, लोखंडी गेट लावलं, बोअर मारला. आमची मंडळी नोंदणीकृत नाही. नाताळ तोंडावर आलाय. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, जय ख्रिस्त. चावी कोणालाही देऊ नका. पाळकांच्या घरी ती एकट्याच्या भरवशावर राहू देऊ नका. उद्या रविवारच्या उपासनेनंतर बैठक घ्या, चावी तीन पंचांच्या ताब्यात राहील आणि तिघांच्या सहीशिवाय कोणाला दिली जाणार नाही, असा ठराव वहीत लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. एका माणसाला रोज गाठून दबाव आणणं सोपं असतं. सह्यांची वही पुढे केली की मागायला येणाराही जरा थांबतो.

आता मुद्द्याचं. जागा विकली म्हणजे भाडेकरू आपोआप गेला, अशी समजूत आपल्याकडे गावोगाव आहे, आणि विकणारे ती मुद्दाम पसरवतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०९ सांगतं की घेणारा जुन्या मालकाच्या जागी येतो. जुन्या मालकाचे भाडेकरूविरुद्ध जे हक्क होते तेच त्याला मिळतात, आणि भाडेकरूने मागितलं तर जबाबदाऱ्याही त्याच्याच गळ्यात पडतात. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आणखी एक गोष्ट आहे : जागेत प्रत्यक्ष कोणी ताब्यात असेल, तर त्याचा जो काही हक्क असेल त्याची कल्पना घेणाऱ्याला होती असंच धरलं जातं. दर रविवारी वखारीत भजनं होतात, पुढे शेडवर क्रूस आहे, हे कृषी केंद्रवाल्याला दिसलं नाही असं तो कोर्टात म्हणू शकत नाही. खरेदीखत उद्या झालं तरी तुम्ही आज जे आहात तेच उद्या राहाल : मासिक भाडेकरू. फक्त मालकाचं नाव बदललेलं असेल.

जाहीर नोटिशीतल्या सात दिवसांची धास्ती घेऊ नका. ती मुदत कुठल्याही कायद्यात नाही. घेणाऱ्याचा वकील आपल्या अशिलाच्या सोयीसाठी ती टाकतो. आमच्या वकील मंडळींत ही ‘अन्यथा हक्क सोडला असे समजू’ची ओळ इतकी पाठ झाली आहे की कोणी तिचा विचारही करत नाही, आणि खेड्यातला माणूस मात्र ती वाचून रात्रभर जागतो. याचा मला मनापासून राग येतो. तुमचा हक्क गेलेला नाही, पण उत्तर आजच पाठवा, उशीर झाला तरी. नोटीस देणाऱ्या वकिलाला, शेठजींच्या मुलाला आणि घेणाऱ्याचा पत्ता माहीत असेल तर त्यालाही, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मजकूर एवढाच ठेवा :

‘आपल्या जाहीर नोटिशीतील मिळकतीत आमची ख्रिस्ती मंडळी १९८८ पासून मासिक भाडेकरू म्हणून प्रत्यक्ष ताब्यात आहे. भाडे नियमित दिले असून त्याच्या पावत्या आमच्याकडे आहेत. मंडळीने ताबा सोडलेला नाही आणि तो सोडण्याचा अधिकार कोणाही व्यक्तीला दिलेला नाही. मिळकतीचा कोणताही व्यवहार ही बाब लक्षात ठेवूनच करावा.’

शेठजींचं वचन, तुम्ही केलेला खर्च, देवाची जागा, यातलं काहीही या पत्रात नको. पुढे उलटतपासणीत पत्रातला प्रत्येक शब्द तुमच्यासमोर ठेवला जातो.

भाडं घेत नाहीत म्हणून देणं थांबवू नका. हीच चूक सगळीकडे होते आणि मग थकबाकीदार म्हणून तुमचीच बाजू लंगडी पडते. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पोस्टाच्या मनीऑर्डरने पाठवा. परत आली तर परतीचा कागद जपून ठेवा आणि पुढच्या महिन्याची पुन्हा पाठवा. पाठवायची शेठजींच्या मुलाला. विक्री झाली असं मानायला काही कारण नसताना जुन्या मालकाला दिलेलं भाडं ग्राह्य धरलं जातं. तेच भाडं नवा मालक पुन्हा मागू शकत नाही.

हे झालं तुमच्या बाजूचं. आता जे कडू आहे तेही सांगते, कारण ते कोणीतरी सांगायलाच हवं. तुमचं गाव ग्रामपंचायतीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सगळ्या महाराष्ट्राला सरसकट लागू नाही. तो त्याच्या अनुसूचीतल्या शहरांना आणि विदर्भापुरतं बोलायचं तर १९४९ चा जुना मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे आदेश जिथे लागू होता तिथे लागू होतो. शिवाय त्यात निवास, शिक्षण, धंदा, व्यापार आणि साठवण यांसाठी दिलेल्या जागांचा उल्लेख आहे, उपासनेचा नाही. शहरातल्या भाडेकरूला जे संरक्षण मिळतं ते तुम्हाला मिळेल या आशेवर बसू नका. तुम्हाला १८८२ चाच कायदा, आणि त्याच्या कलम १०६ प्रमाणे महिन्याच्या भाडेकरूला मालक १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरार संपवू शकतो. कारण द्यायचीही गरज नाही.

पण नोटीस संपली म्हणून मालक कुलूप तोडू शकत नाही. त्याला दिवाणी दावा करावा लागतो, हुकूमनामा मिळवावा लागतो, आणि ताबा कोर्टाच्या माणसाकरवीच घ्यावा लागतो. हा जो मधला काळ आहे, तो तुमची खरी ताकद आहे. घेणाऱ्याने पैसे गुंतवलेत, त्याला खरिपाच्या आधी बियाणं-खतांचा धंदा मांडायचा असणार. तो तीन लाख सहज देत नाहीये, त्याने हाच हिशेब केलाय.

आता मंडळीत जे बोललं जातंय त्याकडे वळते. ‘प्रार्थनास्थळ विकता येत नाही’ हे खरं नाही. लोक १९९१ च्या प्रार्थनास्थळ कायद्याचा दाखला देतात. तो कायदा १५ ऑगस्ट १९४७ ला जे प्रार्थनास्थळ होतं त्याचं स्वरूप बदलू नये यासाठी आहे. १९४७ ला तुमच्या वखारीत कापूस होता. ‘इतकी वर्षं झाली, जागा आपलीच’ हेही चालत नाही. भाडं देणारा माणूस मालकाची मालकी मान्य करूनच आत राहिलेला असतो, त्याचा प्रतिकूल कब्जा, म्हणजे मालकाला न जुमानता वर्षानुवर्षं ठेवलेला ताबा, होत नाही. १२ वर्षांचा नियम सांगणारे हे सोडून देतात. तुमच्याकडच्या पावत्याच तुम्हाला भाडेकरू ठरवतात. त्या एका हाताने दाखवायच्या आणि दुसऱ्या हाताने मालकी सांगायची, असं करायला गेलात तर दोन्ही जाईल.

शेठजींच्या वचनाबद्दल वाचून मला वाईट वाटलं. तो माणूस मनापासून बोलला असेल. पण भाडेकरूला आधी विकलंच पाहिजे असा हक्क १८८२ च्या कायद्यात नाही, आणि किंमत, मुदत, क्षेत्र काहीच न ठरलेलं तोंडी आश्वासन म्हणजे विक्रीचा करार नव्हे. त्यावर दावा उभा करायला सांगणारा कोणी भेटला तर त्याची फी आधी विचारा. वचनाचा उपयोग एवढाच, की मुलासमोर बसाल तेव्हा ‘बाबा असं म्हणाले होते’ हे प्रेमाने सांगा. कधी कधी माणूस ऐकतो.

गावात आणखी एक कुजबुज असेल : शेठजींच्या मुलींची सही घेतली का? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा असतो, आणि एकटा मुलगा फक्त आपलाच वाटा विकू शकतो. हे खरं असलं तरी तो त्यांच्या घरातला प्रश्न आहे. भाडेकरूला मालकाच्या मालकीवर बोट ठेवता येत नाही. बहिणींना भडकवायला जाऊ नका. त्यांना हक्क हवा असेल तर त्या येतील.

आता पंचांच्या मुलाचा कागद. तुम्ही पाठवलेल्या पावतीच्या फोटोवर मी बराच वेळ घालवला, कारण तुमची सगळी बाजू तिच्यात आहे. रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेला छोटा पिवळा कागद, वर शेठजींच्या दुकानाचं नाव, खाली शाईने : ‘ख्रिस्ती मंडळी, वखारीचे भाडे, माहे मार्च १९९४, रोख, हस्ते’, आणि मग तुमच्या पंचांचं नाव. म्हणजे पैसे कोणाचे ते आधी लिहिलंय, आणून कोणी दिले ते नंतर. सगळ्या पावत्या अशाच असतील तर मुलाच्या स्टॅम्पपेपरचं वजन फार नाही. आणि समजा काही पावत्यांवर नुसतंच पंचांचं नाव असलं, तरी भाडेहक्क वारसाने जातो तो सगळ्या वारसांकडे जातो. विधवा आई आणि बहीण असताना एकटा मुलगा तो सोडून देऊ शकत नाही. शिवाय तो वखारीच्या ताब्यात कधी नव्हताच. जे हातात नाही ते सोडणार कसं?

तुम्ही खजिनदार आहात म्हणून हे काम तुमचंच : मंडळीच्या जमाखर्चाच्या वह्या काढा. अर्पणाची जमा, त्याच रविवारनंतर भाड्याचा खर्च, त्याच महिन्याची पावती, अशी तिन्ही कागदं महिन्यावार एकत्र लावा. वीजबिलं, शेडचं बिल, बोअरवाल्याची पावती, बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही, नाताळचे तारीख असलेले फोटो, सगळं. मूळ कागद कोणाला देऊ नका, वकिलालाही नाही. प्रती द्या.

आणि त्या मुलाला प्रभुभोजन नाकारायचं, त्याच्या घरी कोणी जायचं नाही, हे जे चाललंय ते ताबडतोब थांबवा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. समाजातल्या माणसाला धार्मिक विधीपासून, सुखदुःखाच्या प्रसंगांपासून तोडणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जागेच्या वादात तुम्ही फिर्यादी असायला हवे आहात. यात आरोपी होऊन बसाल. पण मी हे फक्त कायद्याच्या भीतीने सांगत नाही. त्या मुलाच्या वडिलांनी इतकी वर्षं उन्हातान्हात जाऊन तुमचं भाडं भरलं. घरात काय अडचण होती, कोणाचं कर्ज होतं, हे कोणी त्याला विचारलंय का? दोन पंचांनी आणि पाळकांनी त्याच्याकडे जावं, कागद परत घेतल्याचं दोन ओळींत लिहून द्यायची विनंती करावी. तो देईल असं मला वाटतं. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला ओढण्यापेक्षा ते फार बरं.

मंडळी नोंदणीकृत नाही, हा तुमच्या पत्रातला मला सर्वात धोक्याचा भाग वाटला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १८ प्रमाणे अशी नोंदणी करणं विश्वस्तांचं कर्तव्यच आहे, आणि कलम ३१ असं की नोंदणी नसलेल्या सार्वजनिक न्यासाच्या (ट्रस्टच्या) वतीने हक्क बजावण्यासाठी केलेला दावा कोर्ट ऐकतच नाही. समोरचा वकील पहिल्या दिवशी हाच मुद्दा काढणार. म्हणून यवतमाळच्या धर्मादाय कार्यालयात अर्जाची तयारी याच आठवड्यात सुरू करा : घटना, पंच कमिटीचा ठराव, विश्वस्तांची ओळखपत्रं, मालमत्तेची यादी. यादीत बाकं, पेटी, ढोलक, घंटा, बोअरची मोटर सगळं लिहा. कार्यालयाच्या पत्त्यासाठी जागामालकाचं ना-हरकत मागतात. ते शेठजींचा मुलगा देणार नाही, तेव्हा मंडळीतल्या कोणाच्या तरी स्वतःच्या घराचा पत्ता घाला. नोंदणी होईपर्यंत कोर्टात जायची वेळ आली तर प्रत्यक्ष ताब्यातल्या काही सभासदांनी इतरांच्या वतीने, कोर्टाच्या परवानगीने दावा करायची वाट दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे (आदेश १, नियम ८). त्यातही कलम ३१ चा आक्षेप येईल हे धरून वकिलाने दाव्याची मांडणी करायला हवी.

तालुक्याच्या कोर्टात तुमच्या वतीने कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे तुम्हाला न ऐकता एकतर्फी हुकूम निघणार नाही. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा टाकायचं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना मोफत विधी सेवा मिळते, उत्पन्न कितीही असो. अर्ज तुमच्या नावाने करा.

आणि एखाद्या पहाटे कुलूप तुटलेलंच दिसलं तर? हाणामारी करू नका. फोटो काढा, पोलीस ठाण्यात तक्रार द्या, पोच घ्या. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ ने, कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलेल्याला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच येत नाही. उपासना चालू असताना कोणी गोंधळ घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०० आहे, तेच पूर्वीचं भादंवि २९६. नाताळची तयारी नेहमीसारखी करा. तारे लावा, कॅरल काढा. ताबा असलेल्याने ताबा असल्यासारखं वागायचं असतं.

शेड, फरशी, गेट, बोअरबद्दल : भाडेकरूने जोडलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत त्याला काढून नेता येतात, जागा पूर्वी होती तशी करून द्यायची अट (१८८२ च्या कायद्याचं कलम १०८). टिन, अँगल, गेट, मोटर, घंटा, क्रूस तुमचे. फरशी उखडून हाती काही लागणार नाही, बोअर तर जमिनीतच राहणार. या दोन गोष्टींची किंमत वाटाघाटीत मागा.

आता मला काय वाटतं ते. ‘लढू’ म्हणणारेही आणि ‘घेऊ नि निघू’ म्हणणारेही अर्धवट बरोबर आहेत. ही वखार कायमची तुमच्याकडे राहणार नाही. पण तीन लाख घेऊन येत्या महिन्यात निघालात तर पावसाळ्यात उपासना कुठे भरवाल? मी तुमच्या जागी असते तर पैशापेक्षा मुदत मागितली असती. दीड-दोन वर्षं, लेखी, आणि ती संपल्यावर तुम्ही स्वतःहून ताबा देणार. सोबत बोअर-फरशीची रक्कम, मंडळीच्या बँक खात्यात. हा समझोता लोकअदालतीत करून घ्या. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, दोन्ही बाजू बांधल्या जातात. सुटा स्टॅम्पपेपर कोणी पुढे केला तर सही करू नका.

मधल्या काळात स्वतःची जागा शोधा. गावठाणातलाच प्लॉट बघा. सातबाऱ्यावरची शेतजमीन स्वस्त दिसते, पण विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने ती बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि सभासद शेतकरी असले तरी मंडळी ही संस्था म्हणून शेतकरी नाही. तुमच्या तालुक्यात कोलाम, गोंड या आदिवासी बांधवांच्या जमिनीही कोणी कोणी दाखवतो. महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तसा व्यवहार होत नाही, आणि तो करूही नये. खरेदी नोंदणीकृत न्यासाच्या नावानेच करा. कोणा पंचाच्या, पाळकाच्या नावाने नको. का नको, ते आता तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : आमचं गाव अकोला जिल्ह्यात. चर्च आणि पाळकांचा बंगला जुन्या मिशनच्या ट्रस्टच्या नावावर आहे, आम्ही नाममात्र भाडं देतो. ट्रस्टचे म्हणवणारे काही जण ती जागा बिल्डरला देताहेत. आम्ही साधे सभासद काही करू शकतो का?

उत्तर : भाऊ, तुमचं प्रकरण वरच्या ताईंच्या अगदी उलट आहे. इथे विक्री थांबवता येते. मालक सार्वजनिक न्यास असेल तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विक्री, अदलाबदल, बक्षीस वैध नाही. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायलाही तीच मंजुरी लागते.

धर्मादाय कार्यालयातून त्या ट्रस्टचा परिशिष्ट एकचा उतारा काढा. त्यावर विश्वस्त म्हणून आज कोणाची नावं आहेत ते दिसेल. बऱ्याच मिशन ट्रस्टांत मूळ विश्वस्त केव्हाच वारलेले असतात, नव्या विश्वस्तांची नोंद करणारा बदल अर्ज कधी मंजूरच झालेला नसतो, आणि सह्या भलतेच करत असतात. मग न्यासात हितसंबंध असलेल्या किमान दोघांनी प्रतिज्ञापत्रासह कलम ४१ई खाली अर्ज करावा. मालमत्ता गैरमार्गाने विकली जाण्याचा धोका दाखवलात तर धर्मादाय आयुक्त तात्पुरता मनाई हुकूम देऊ शकतात. मंजुरीचा अर्ज आधीच दाखल असेल तर त्यात हरकत घ्या.

‘आमचं चर्च अमुक मोठ्या संस्थेत विलीन झालं, म्हणून जागाही तिची’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हापासून हा युक्तिवाद देशभर चालू आहे. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता दुसऱ्याची होत नाही, सार्वजनिक न्यास कायद्याची वाट चालावीच लागते. हा निकाल तुमच्या वकिलाला जरूर दाखवा. आणि जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, आहे का तेही बघा. नझूल पट्ट्याची जमीन असेल तर महसूल खात्याच्या परवानगीचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आमच्या भजनी मंडळाचं नाव भोगवटदार म्हणून लागलं आहे. म्हणजे सभागृह आमचं झालं ना? मूळ मालक आता विकायचं म्हणतो. (पुसद तालुका)

उत्तर : नाही. नमुना आठ ही घरपट्टी आकारणीची नोंद आहे. त्यावरून ताबा दाखवता येतो, मालकी येत नाही. मालकी खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र अशा नोंदणीकृत दस्ताने येते. दुय्यम निबंधक कार्यालयात त्या मिळकतीच्या सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा, शोध घ्या, म्हणजे कागदोपत्री आज मालक कोण आणि काही व्यवहार होऊन बसलाय का ते कळेल. आणि भोगवटदार म्हणून नाव कोणत्या साली, कोणत्या मासिक सभेच्या ठरावाने लागलं, त्याची प्रत ग्रामसेवकाकडून माहितीच्या अधिकारात मागवून मला पाठवा. मूळ मालकाची संमती त्यावर असेल तर बोलण्यासारखं बरंच आहे.